पेपरमध्ये संदर्भ कोणते घ्यायचे, किती घ्यायचे, आणि जे पुस्तक हातातच आलं नाही त्याचं काय करायचं?

आखाजी_अमळनेर

राम राम मंडळी. मी अमळनेर तालुक्यातली, मराठीत पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालंय, सोबत एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. विषय आहे आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई या खान्देशातल्या सणांची अहिराणी गाणी. त्यातून पहिला पेपर काढतेय, मजकूर जवळपास झालाय पण संदर्भसूचीपाशी येऊन अडकलेय. कोर्सवर्कमध्ये एपीए, एमएलए या संदर्भ लिहायच्या पद्धती शिकवल्या त्या स्वल्पविराम कुठे द्यायचा आणि तिरपा टाइप कुठे करायचा एवढंच, खरे प्रश्न तसेच राहिले म्हणून इथे विचारते.

शोधगंगावर (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) एक जुना प्रबंध मिळाला, त्यात इंग्रज काळात भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सनचं अहिराणीबद्दलचं मत दिलंय आणि खाली "खंड ७" असा संदर्भ आहे. ते मत मला माझ्या पेपरात हवंय. मग मी सरळ ग्रियर्सन लिहू की त्या प्रबंधाचं नाव लिहू? आजूबाजूला सगळे सरळ ग्रियर्सनच लिहितात, प्रबंधाचं नाव कोणी घेत नाही.

गाइड सरांचं म्हणणं की चाळीस तरी संदर्भ असावेत, पेपरला वजन येतं. माझ्याकडे मी खरोखर वापरलेले वीसच्या आसपास आहेत. बाकीचे आणायचे कुठून? बरोबरच्या काही जणांनी चॅटजीपीटीला विषय सांगून यादीच मागून घेतली, दिसायला एकदम टापटीप, लेखक, साल, खंड, पानं सगळं आहे त्यात. मला ते पटत नाही पण समोरच्याला समजावून सांगायला गेले की मुद्दा नीट मांडता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाणी. माझा खरा ऐवज तोच आहे आणि तो कुठल्या पुस्तकात नाही. आजीनं म्हटलेली, गल्लीतल्या बायांनी म्हटलेली, मोबाइलवर रेकॉर्ड केलेली. ती संदर्भसूचीत कुठे बसतात? बसतात का तरी?

ग्रंथपाल_धुळे

ताई, तुमचा पहिला प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात लपलंय. त्या प्रबंधातला "खंड ७" चुकीचा आहे. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा, १९०५ साली आलेला. खान्देशी, म्हणजे तुमची अहिराणी जिच्यात येते ती, त्यात घेतलेली नाही. ती आहे नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषा आणि बंजारीच्या सोबत, आणि तो भाग छापला १९०७ मध्ये. याच नवव्या खंडाचा दुसरा भाग राजस्थानी आणि गुजरातीचा आहे.

आता कोणी म्हणेल सातचे नऊ झाले तर काय बिघडलं. तुमच्या विषयात फार बिघडतं. ग्रियर्सनने खान्देशी मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली-गुजरातीच्या शेजारी ठेवली, त्याचं मत काय होतं ते इथूनच दिसायला लागतं. तुम्ही "खंड ७" लिहिलं की वाचणारा धरून चालतो की त्याने अहिराणीला मराठीची बोली म्हटलं, म्हणजे त्याच्या तोंडी उलटं मत जातं. त्याचं वर्गीकरण आज पटो न पटो, तो वेगळा वाद आहे आणि तो जरूर घाला, पण आधी तो काय म्हणाला ते त्याच्याच पानावर बघा. २०११ च्या जनगणनेच्या भाषांच्या तक्त्यातसुद्धा खान्देशी मराठीच्या खाली नाही, वेगळी नोंदली आहे, बोलणारे साडेअठरा लाखांच्या वर, आणि अहिराणी त्या खान्देशीखाली येते. हा तक्ता जनगणना खात्याचा आहे, तो थेट बघता येतो, मग वर्तमानपत्रातल्या बातमीचा संदर्भ कशाला द्यायचा.

ग्रियर्सनसाठी कुठे जायचीही गरज नाही, शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साऊथ एशिया लायब्ररीत सगळे खंड पानापानाने फुकट बघता येतात. बघा, वाचा, तुम्हाला हवं ते पान टिपा आणि मग सरळ ग्रियर्सनचा संदर्भ द्या. तो प्रबंधही उल्लेखायला हरकत नाही कारण वाट त्यानेच दाखवली.

एखादं पुस्तक खरंच मिळालं नाही, असं होतं, तर तसं लिहायचं. मजकुरात मूळ लेखकाचं नाव, मग "उद्धृत" म्हणून ज्या पुस्तकात वाचलं त्याचं नाव, साल, पान. एपीएच्या पद्धतीत सूचीत फक्त तुम्ही हातात धरलेलं पुस्तक जातं, मूळ जात नाही. यात कमीपणा काही नाही. परीक्षकाला उलट बरं वाटतं की ही मुलगी काय वाचलं आणि काय नाही ते सरळ सांगते.

आणखी एक सांगून ठेवतो कारण तुम्ही खान्देशावर काम करताय म्हणजे गॅझेटियर (इंग्रज काळातलं जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक) येणारच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खान्देशचा, १८८० चा. त्यातला लोकसंख्येचा आकडा १८७२ च्या खानेसुमारीचा आहे, म्हणून "१८८० मध्ये लोकसंख्या इतकी होती" असं लिहू नका. आणि त्यातला खान्देश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा नाही, तेव्हा एकच मोठा जिल्हा आणि मुख्य ठाणं आमचं धुळं. पूर्व आणि पश्चिम अशी फाळणी झाली १९०६ मध्ये, पुढे त्याचे जळगाव आणि धुळे झाले, नंदुरबार तर १९९८ ला वेगळा झाला. गॅझेटियरमधलं वाक्य उचलून "जळगाव जिल्ह्यात" असं लिहिलेले पेपर माझ्या टेबलावर येत असतात आणि मनापासून वाईट वाटतं, कारण संदर्भ बरोबर, पान बरोबर, फक्त तो संदर्भ ते वाक्य पेलत नाही. गॅझेटियरची पुनर्मुद्रणं आहेत, वेबसाइटवरची आवृत्तीही आहे, तुम्ही कोणती बघितली तेही लिहा, कारण वेबवर पान क्रमांक सापडेलच असं नाही.

अमळनेरहून धुळं काही लांब नाही. एक दिवस राजवाडे संशोधन मंडळात येऊन बसा. १९२७ पासूनची संस्था आहे, जुनी कागदपत्रं, जुनी पुस्तकं आहेत. काही गोष्टी पीडीएफमध्ये येत नाहीत.

केळीपट्टा_रावेर

मी मराठीचा नाही, प्लांट पॅथॉलॉजीत काम करतो, पण चाळीसच्या आकड्यावर आणि चॅटजीपीटीवर बोलतो कारण हे दुखणं सगळ्या विषयांत सारखंच आहे.

किती संदर्भ ते आधी ठरवताच येत नाही. आपण लिहिलेलं एकेक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, हे मला कुठून कळलं आणि वाचणाऱ्याला शंका आली तर तो कुठे जाऊन बघेल. माझ्याकडचं उदाहरण देतो. "रावेर यावल भागात केळी मोठ्या प्रमाणावर होते" या वाक्याला संदर्भ नसला तरी चालतं. "जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं" म्हटलं की चेन्नईच्या मानांकन नोंदणी कार्यालयाची नोंद दाखवायची. "हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, तो मावा किडीमुळे पसरतो" म्हटलं की ज्यांनी प्रयोग करून ते दाखवलं त्यांचा पेपर. आणि "आमच्या तालुक्यात यामुळे एवढं नुकसान झालं" म्हटलं की इथला सर्व्हे लागतो, दुसऱ्या देशातला पेपर तिथे कितीही मोठ्या जर्नलचा असला तरी उपयोगाचा नाही. एकाच परिच्छेदात चार वाक्यं आणि चौघांना चार वेगळ्या प्रकारचा आधार. असं करत गेलं की जो आकडा येईल तो तुमचा आकडा, अठरा येवो नाहीतर पंचावन्न.

एका वाक्यामागे कंसात सात नावं लावलेली दिसली की मी त्यातली दोन उघडून बघतो. बऱ्याचदा ती त्या वाक्याबद्दल बोलतच नसतात, विषय तेवढा जवळचा असतो. मूळ शोध कोणाचा ते एक, त्यावरचा चांगला आढावा एक, आणि तुमच्या भागातलं काम एक, एवढ्याने बहुतेक वाक्यं उभी राहतात. आणि तुमच्या मताच्या विरुद्ध गेलेलं काम असेल तर ते सोडू नका, तोच संदर्भ सगळ्यात मोलाचा असतो.

धुळ्याच्या सरांनी खंड ७ चं सांगितलं त्यावरून एक जुना अभ्यास आठवला. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ मध्ये संदर्भांतल्या छपाईच्या चुका तपासल्या. एकाने पान क्रमांक चुकवला की पुढचे कित्येक जण तीच चूक जशीच्या तशी लिहितात, म्हणजे त्यांनी मूळ लेख उघडला नाही, दुसऱ्याची सूची उतरवली. त्यावरून त्यांचा अंदाज निघाला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच लोक मूळ लेख वाचतात. दुसरी गोष्ट याहून पुढची. एल्सेव्हिअर या जर्नल छापणाऱ्या कंपनीच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून व्हॅन डेर गीर आणि इतर, २००० असा एक लेख दिलेला होता. तो लेख कधी लिहिलाच गेला नव्हता, ते जर्नलही नव्हतं. तरी तो शेकडो पेपरांच्या सूचीत सापडला, कारण लोकांनी नमुन्याच्या फाइलमध्ये आपला मजकूर भरला आणि ती ओळ तिथेच राहिली, पुढे कोणी तपासली नाही.

आता चॅटजीपीटी. ते यंत्र पुढे कोणता शब्द शोभेल ते जुळवत जातं, लायब्ररीत जाऊन बघत नाही. म्हणून लेखक खरा, जर्नल खरं, साल पटण्यासारखं, आणि तसा लेख अस्तित्वातच नाही, असं होतं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी त्यातून आलेले निवाडे कोर्टात दाखल केले, ते निवाडे कधी झालेच नव्हते, कोर्टाने ५००० डॉलर दंड केला. तुमच्या मैत्रिणींना एवढंच सांगा की यादीतला प्रत्येक लेख उघडून दाखवा. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असेल तर तो डीओआय डॉट ओआरजीवर टाका, लेखाचं पान उघडलं पाहिजे आणि तोच लेख निघाला पाहिजे. डीओआय नसेल तर गूगल स्कॉलर, शोधगंगा, जर्नलची स्वतःची साइट. सापडला नाही तर काढून टाका, मन घट्ट करून.

अजून एक तपासणी आमच्या क्षेत्रात फार लागते पण तुम्हीही सवय लावा. पेपर मागे घेतला गेलाय का ते बघायचं. वेकफिल्डचा लस आणि ऑटिझमचा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये १९९८ ला आला, २०१० ला मागे घेतला, तरी लोक त्याचा आधार देत राहिले. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची सगळी यादी २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि फुकट आहे. झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर अशा पेपरसमोर ते स्वतःहून लाल इशारा दाखवतं. झोटेरो वापराच, फुकट आहे. फक्त मराठी नोंदी शेवटी हाताने नीट कराव्या लागतात.

प्रॅक्टिकल_शिरपूर

तुमनं म्हननं बराबर शे भाऊ, पण ताईंची अडचण वेगळी आहे. तासिकेवर शिकवणाऱ्या माणसाला पेपर लवकर छापून पाहिजे असतो, इंटरव्ह्यूला मार्क मिळतात त्याचे. गाइडला चाळीस पाहिजेत तर चाळीस द्यावेत असं माझं स्पष्ट मत, त्यात त्यांचे स्वतःचे चारपाच पेपर टाकले तर अजून बरं, सही त्यांचीच लागते पुढे सगळीकडे. मी हे टोचून बोलत नाहीये, खरंच काळजीने सांगतो, तत्त्वासाठी गाइडशी वाकडं घेऊन वर्षं गेलेली पोरं मी बघितली आहेत. आणि जर्नलचं काय? फी घेऊन आठवड्यात छापून देतात अशी बरीच आहेत, मेल येतात रोज. तिथे संदर्भ कोणी तपासत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

ग्रंथपाल_धुळे

शिरपूरच्या भाऊंची काळजी खरी आहे, ती मी हलकी घेत नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या करूया.

गाइडचे पेपर विषयाला लागत असतील तर जरूर द्या, एकाच विषयात काम करणाऱ्या गुरुशिष्यांचे संदर्भ एकमेकांत येणारच. लागत नसतील तर ओढून ताणून बसवू नका, प्रकाशनाच्या नीतिनियमांत याला संदर्भांची हेराफेरीच धरतात, कोप नावाची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिने यावर स्पष्ट भूमिका घेतली आहे. समोर बसून नाही म्हणणं अवघड असतं, मान्य. मग असं करा ताई, चाळीसचा आग्रह असेल तर सरांना विचारा की सर, अजून कोणत्या अंगाने वाचायला पाहिजे ते सांगा, मी वाचून घेते. बहुतेक गाइड खूश होऊन दोनचार चांगली नावं सांगतात. सूची वाढेल ती वाचून वाढेल. लोकगीतांवरच्या कामात वाचायला काय कमी आहे? भिल्ली, कोकणी, माळव्याकडची गाणी, स्त्रीगीतांवरचं मराठीतलं काम, सणांवरचं काम, हे सगळं तुमच्या पेपरला खरोखर लागतं.

पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे, तिकडे जाऊ नका. एक तर २०२२ च्या यूजीसीच्या पीएचडी नियमांनी प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली, विद्यापीठाचा स्वतःचा काही नियम असेल तर तेवढा बघून घ्या. दुसरं, यूजीसी केअरची, म्हणजे मान्य जर्नलांची, यादी २०१९ ला आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे "आम्ही केअर लिस्टेड" असं आजही कोणी मेलमध्ये लिहीत असेल तर तिथेच सावध व्हा. आता जर्नल पारखायचं काम आपल्या अंगावर आलंय. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का आणि ती त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर हे काम सांगतात का, आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक) त्याच नावाने निघतो का, जुने अंक उघडतात का, एकाच अंकात केमिस्ट्री, मराठी, कॉमर्स सगळं भरलंय का. नामांकित जर्नलच्या नावाची नक्कल साइट काढून फी उकळणारेही आहेत.

हेच सगळं संदर्भ निवडतानाही लावा. तिथे छापलेला लेख आपण आधाराला घेतला तर त्याचा कच्चेपणा आपल्या पेपरात येतो.

आणि संदर्भ दिला म्हणजे अख्खा परिच्छेद उचलायची मोकळीक मिळत नाही. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य मोजताना संदर्भसूची आणि नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं वगळली जातात, १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ४० च्या वर गेलं की प्रबंध वर्षभर देता येत नाही आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे असतील तर अवतरणचिन्हात आणि पानासकट. आपल्या शब्दांत सांगितलं तरी कल्पना त्याची म्हणून नाव द्यायचंच.

आखाजी_अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रियर्सनचा नववा खंड काल रात्रीच उघडून बघितला, खरंच तिथेच आहे, आणि त्यात अहिराणीचे नमुनेही दिलेत, मला हे माहीतच नव्हतं. हे नमुने माझ्या कामाला फार उपयोगी पडणार. सरांना विचारायचं तसंच विचारेन.

गाण्यांचं कोणी सांगेल का? एका मॅडमनी सांगितलं की "वैयक्तिक संवाद" असं कंसात लिहून टाक, सूचीत नाव नको. पण मग पेपरभर आजीचं नाव कुठेच नाही आणि ज्यांच्याकडून एक वाक्य घेतलं त्यांची नावं सूचीत, हे मला बरं वाटत नाही.

सातपुडा_नंदुरबार

ताई, मी लोकसाहित्यात बरीच वर्षं फिल्डवर्क करते, भिल्ल, पावरा वस्त्यांत. तुमचं बरं न वाटणं अगदी योग्य आहे आणि नियमही तुमच्याच बाजूने आहे.

वैयक्तिक संवाद हा प्रकार असतो तो म्हणजे तुम्ही एखाद्या अभ्यासकाला फोन केला, त्याने काही सांगितलं, ते मजकुरात आलं. एपीएमध्ये ते फक्त मजकुरात लिहितात, सूचीत नाही, कारण वाचणाऱ्याला ते परत मिळवता येत नाही. पण तुम्ही संशोधनासाठी ज्यांच्याकडून गाणी घेतली त्यांना त्या खान्यात टाकायचंच नाही, एपीएचं सातव्या आवृत्तीत हेच सांगणं आहे. ती तुमची सामग्री. तिचा मान संदर्भापेक्षा वरचा आहे, तुमचा सगळा पेपर तिच्यावर उभा आहे. एमएलएमध्ये मुलाखतीची नोंद सूचीत घेता येते, शिकागो पद्धतीत तळटीपेत. जर्नल कोणती पद्धत मागतं ते बघा, पण कोणत्याही पद्धतीत एक काम करता येतं आणि ते करा.

पेपरच्या शेवटी परिशिष्ट द्या. प्रत्येक गाण्याला क्रमांक, गाणाऱ्या बाईचं नाव, वय, गाव, तालुका, रेकॉर्ड केल्याची तारीख, प्रसंग, रेकॉर्डिंग कोणी केलं आणि आता ते कुठे ठेवलंय. मजकुरात मग "गाणं ४" एवढं लिहिलं तरी वाचणारा थेट आजीपर्यंत पोचतो. प्रसंग नक्की लिहा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली असताना रात्री दहा बायांनी मिळून म्हटलेलं गाणं आणि भर उन्हाळ्यात तुम्ही विनंती केली म्हणून ओट्यावर बसून एकटीने म्हटलेलं गाणं, शब्द तेच असले तरी नोंद एक नाही. आखाजीचंही तसंच, झोक्यावर म्हटलेलं वेगळं, आठवून सांगितलेलं वेगळं.

नाव टाकायच्या आधी विचारा. कागदावर सही घेण्यापेक्षा त्यांच्या भाषेत नीट समजावून, रेकॉर्डिंगवरच त्यांचा होकार घेतलेला मला जास्त बरा वाटतो, पण तुमच्या विद्यापीठाच्या समितीला लेखी लागत असेल तर तेही घ्या. आपल्याकडे उगाच धरून चालतात की बाईमाणसाचं नाव नको. माझा अनुभव असा की पुष्कळ जणींना नाव हवं असतं, माहेरचं गाव सुद्धा सांगतात, कारण गाणं माहेरून आलेलं असतं. आणि ते लिहाच, अमळनेरला राहणाऱ्या बाईचं गाणं शिंदखेड्याचं असू शकतं. एखादीला नको असेल तर नाव बदला आणि बदललंय असं टीपेत सांगा.

दोन ठिकाणी एकच गाणं थोडं वेगळं मिळालं, पारोळ्याकडे एक ओळ जास्त आणि साक्रीकडे एक कमी, तर दोघांचं मिळून एक "पूर्ण" गाणं बनवू नका. कोणीच न म्हटलेलं गाणं तयार होतं ते, त्याला संदर्भ कोणाचा देणार? दोन्ही वेगळी छापा. छापील संग्रहात तेच गाणं असेल तर तो तिसरा पाठ, त्याला संग्रहाचं पान. आणि शब्द प्रमाण मराठीत सरळ करू नका. आजी "माय" म्हणाली असेल तर "आई" करायचा अधिकार आपल्याला नाही.

बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं. त्या १९५१ ला गेल्या, गाण्यांचं पुस्तक १९५२ ला आलं, सोपानदेवांनी उतरवून ठेवलं म्हणून. आपल्या गावोगावच्या बाकीच्या बायांची गाणी तशी नावासकट कोणी उतरवून ठेवली नाहीत, आणि छापील संग्रहांत पुष्कळदा नुसतं "पारंपरिक" एवढंच लिहिलेलं असतं. तुम्ही नावं लिहा.

रेकॉर्डिंग फक्त मोबाइलमध्ये राहू देऊ नका. एक प्रत हार्डडिस्कवर, एक विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात, फाइलचं नाव आणि गाण्याचा क्रमांक एकच ठेवा.

केळीपट्टा_रावेर

नंदुरबारच्या ताईंनी जे सांगितलं ते आमच्या नमुन्यांसारखंच आहे की, कोणत्या शेतातून, कोणत्या तारखेला, कोणत्या जातीच्या झाडावरून पान घेतलं हे नसेल तर तो नमुना आम्हीही धरत नाही. परिशिष्टाचा तक्ता मीही माझ्या पेपरात घेणार.

प्रॅक्टिकल_शिरपूर

हे परिशिष्टाचं मला पटलं. माझं गाइडबद्दलचं म्हणणं कायम आहे, पण धुळ्याच्या सरांनी सांगितलेली विचारायची पद्धत चांगली आहे, तिने दोन्ही साधतं. जर्नलच्या बाबतीत मी माझं म्हणणं मागे घेतो, केअरची यादी बंद झाली हे मला माहीत नव्हतं.

आखाजी_अमळनेर

सातपुडा ताई, खूप खूप आभार, आजीला आज विचारलं, ती म्हणे "मन्हं नाव टाक, आनि मन्ही मायनं बी टाक." गाणी तिला तिच्या आईकडून आलेली.

शेवटचे दोन बारीक प्रश्न. एका जुन्या पुस्तिकेवर इसवी सन नाही, नुसतं "माघ, शके १८५०" आहे, ते कसं लिहायचं? आणि माझ्या सूचीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही आहेत, ग्रियर्सन कुठे येणार, सगळं एकत्र लावायचं का?

ग्रंथपाल_धुळे

शकात ७८ मिळवायचे, पण माघ, फाल्गुन म्हणजे इसवी सनाचं पुढचं वर्ष लागलेलं असतं म्हणून तिथे ७९. तुमची पुस्तिका १९२९ ची. लिहिताना पुस्तकावर आहे तसं शके १८५० आधी लिहा आणि चौकोनी कंसात १९२९, म्हणजे हे साल तुम्ही काढलंय हे कळतं. महिना दिलेला नसता तर १९२८-२९ असं लिहायचं.

सूची दोन करा, मराठी अकारविल्हे आणि इंग्रजी त्यांच्या क्रमाने, आडनाव आधी. ग्रियर्सन तुम्ही इंग्रजीत वाचला म्हणून इंग्रजीत. गाण्यांचं परिशिष्ट या दोन्हीच्या आधी लावा. जर्नलने वेगळं सांगितलं असेल तर अर्थात त्यांचं चालेल, त्यांचा मागचा एखादा अंक उघडून बघा म्हणजे लगेच कळेल.